चेहरा दिसेल असा कॅमेरा



तिसगावहून (ता. पाथर्डी) एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. पत्राचा सारांश असा. त्यांची मुलगी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कॉलेजात शिकते. तिला रोलवाला कॅमेरा घ्यायचा आहे. मोठा नव्हे, खिशात मावेल असा, बटण दाबले की फोटो निघावा असा. घरात ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल असताना हे खूळ कशाला, असे तिच्या वडिलांचे म्हणणे. मुलीचे म्हणणे असे की, आजी ऐंशीच्या पुढे गेली, तिचा एक धड फोटो घरात नाही. आधार कार्डावर जो आहे तो आपला आहे हे आजी स्वतःच कबूल करीत नाही. मोबाईलवर काढलेले फोटो मोबाईल पाण्यात पडला तेव्हा त्याच्याबरोबर गेले. आजोबांचा तर एकच फोटो आहे, १९९६ साली आत्याच्या लग्नात काढलेला, आणि त्यातही आजोबांचे तोंड दिसत नाही. पांढरे कपडे स्वच्छ दिसतात, वर चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग.

"तेव्हा भाऊ, कॅमेरा घ्यावा की नाही, आणि घ्यायचा तर कोणता, ते सांगा. पैसे उसने आणावे लागणार नाहीत, पण वायाही जायला नकोत," असे या ताईंनी लिहिले आहे.

नोकरीत असताना सुटीच्या दिवशी मी आपल्या लोकांच्या लग्नाचे फोटो काढीत असे, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र माझ्याकडे आले असावे. ताईंना मी आधी उलट पत्र टाकले, की आजोबांचा तो फोटो पाठवा, आणि त्या वेळच्या पाकिटात निगेटिव्ह शिल्लक असेल तर तीही पाठवा. त्याचे काय झाले ते शेवटी सांगतो.

आधी खर्चाचे बोलू, कारण घरातला वाद तिथेच अडला आहे. रोल आता गावोगाव मिळत नाही, तालुक्यालाही मिळत नाही. धुणारी लॅब तर मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणीच, तीही मोजकी. समजा रोलला ८०० रुपये पडले, धुऊन स्कॅन करून घ्यायला ५०० आणि कुरिअरचे जाऊन-येऊन २००, तर झाले १५००. छत्तीस फोटोंनी भागले तर एका फोटोला ४२ रुपयांच्या आसपास. भाव रोज बदलतात, म्हणून हे आकडे फक्त नमुन्याला धरा आणि चौकशी करून स्वतःचा हिशेब मांडा. कॉप्या काढायचे पैसे वेगळे. तेव्हा चहाच्या कपाचा आणि शेळीच्या करडाचा फोटो काढायला मोबाईलच बरा. रोलचा कॅमेरा वर्षातल्या चार-सहा दिवसांसाठी. पण एक गोष्ट मी मुलीच्या बाजूने सांगेन. निगेटिव्ह पाण्यात पडली तर पुसून वाळवता येते. मोबाईलचे तसे नाही.

आपल्या घरांत फोटो उशिरा आले. भिंतीवर बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची तसबीर असे, पण घरच्या माणसाचा फोटो म्हणजे शाळेच्या दाखल्यापुरता किंवा नोकरीच्या अर्जापुरता, स्टुडिओत ताठ बसून काढलेला. कॅमेरा असलाच तर तो गावातल्या एखाद्या गुरुजीकडे किंवा मुंबईला गिरणीत असलेल्या पाहुण्याकडे. पुष्कळ ठिकाणी तो बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री असे. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो, बहुधा काळे-पांढरे. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा 'इंदू' रोलही अनेकांना आठवत असेल. पुढे हॉट शॉट आला, याशिका आला, नव्वदीत कोडॅकचा केबी १० आला, आणि मग कुठे लग्नात पाहुण्यांपैकी कुणाच्या तरी हातात कॅमेरा दिसू लागला. आज तिसगावच्या मुलीला जो कॅमेरा मिळायचा तो बहुतेक याच पिढीतला, कुणाच्या तरी ट्रंकेतला. म्हणून पुढचे सगळे जुन्या मालाला धरूनच सांगतो.

सर्वांत पहिली चौकशी सेलची करा. भिंगाची नंतर. कित्येक चांगल्या कॅमेऱ्यांना सीआर १२३ नावाचा लिथियमचा आखूड, जाड सेल लागतो. तो शहरात मिळतो, पण ऐन लग्नाच्या सकाळी संपला तर तिसगावाहून नगर गाठायचे म्हणजे करंजी घाट ओलांडून चाळीसेक किलोमीटर. पेन्सिल सेल मात्र किराणा दुकानातही मिळतो. गावात राहणाऱ्याने पेन्सिल सेलवर चालणाराच कॅमेरा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑलिंपसच्या जुन्या ट्रिप ३५ला तर सेलच लागत नाही. भिंगाभोवती सेलेनियमची जाळी असते, तिच्यावर उजेड पडून काम चालते. पण ती जाळी वयोमानाने थकते आणि कॅमेऱ्यात फ्लॅश नाही. तेव्हा कितीही मजबूत असला तरी आपल्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट फोकसची. केबी १० किंवा याशिका एमएफ-२ यांचा फोकस कारखान्यातच कायमचा लावलेला असतो. पाच फुटांपासून पुढे सगळे बऱ्यापैकी स्पष्ट येते, त्याच्या आत आलात तर चेहरा पुसट. दुकानदार याला कमीपणा समजतो, मी समजत नाही. ऑटोफोकसवाला कॅमेरा समोर न दिसणारा किरण सोडून अंतर मोजतो, आणि तोही मधोमध. नवरा-नवरी शेजारी शेजारी उभी असली की किरण दोघांच्या मधल्या फटीतून जातो आणि मागचा मंडपाचा पडदा तेवढा झकास येतो! एस. टी.च्या खिडकीची काच बंद करून बाहेरचा फोटो काढला तर कॅमेरा बऱ्याचदा काचेलाच फसतो. कायमच्या फोकसला फसायला जागाच नाही. अंतर तेवढे सांभाळायचे.

आता फ्लॅश. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. छोट्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा जोर फार थोडा. हिशेब सोपा आहे. फ्लॅशचा जो आकडा पुस्तिकेत दिलेला असतो, त्याला भिंगाच्या एफ आकड्याने भागा. १०० एएसएच्या रोलवर फ्लॅशचा आकडा ११ आणि भिंग एफ ४ असेल तर उत्तर पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. त्यापलीकडे अंधार. ४०० एएसएचा रोल घातला तर हेच अंतर दुप्पट होते, साडेपाच मीटर. विहारात संध्याकाळच्या वंदनेला मागच्या भिंतीला टेकून फ्लॅश मारणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या फोटोत पुढच्या रांगेची डोकी उजळतात आणि पुढची मूर्ती काळोखात राहते.

पण आपल्या लोकांचे फोटो बिघडतात ते अंधारापेक्षा उन्हात जास्त. ताईंच्या घरातला फोटो त्याचाच नमुना.

आपला मंगल परिणय बहुतेक भर दुपारी. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, त्यात चुना लावलेली भिंत, वर पाथर्डीकडचे ऊन. आणि आपण उन्हातान्हात राबणारी माणसे, रंग सावळा, कुणाचा चांगला काळा. यात लाजण्यासारखे काही नाही, पण कॅमेऱ्याला ते कळत नाही. उजेड मोजणारा कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी काढतो. पांढरे जास्त दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो रोलवर उजेड कमी सोडतो. कपडे बरोबर येतात, चेहरा बुडतो. शिवाय डोक्यावरचे ऊन कपाळाची सावली डोळ्यांत पाडते. ऑटो फ्लॅश अशा वेळी उडत नाही, कारण त्याच्या मते उजेड भरपूर आहे.

म्हणून कॅमेरा निवडताना दोन खटके शोधा. एक, उन्हातही फ्लॅश मारता येईल असा, म्हणजे फ्लॅश आपल्या मनाने चालू करता येईल असा. सहा-सात फुटांच्या आत त्याने डोळ्यांखालची सावली निघते. दुसरा, एएसएचा आकडा हाताने लावायचा. नवीन जातीच्या कॅमेऱ्यांत रोलच्या डबीवरचे चंदेरी-काळे चौकोन वाचून कॅमेरा आपोआप वेग लावतो. ही सोय १९८३ पासून सुरू झाली. सोय आहे, पण हात बांधले जातात. जिथे खटका बाहेर आहे तिथे ४०० एएसएचा रोल घालून खटका २०० वर ठेवावा. रोलवर दुप्पट उजेड पडतो. रंगीत निगेटिव्हला जास्त उजेड पुष्कळ सोसतो, कमी मात्र सोसत नाही. सावळ्या चेहऱ्याला या एका खटक्याने जितका फायदा होतो तितका महागड्या भिंगाने होत नाही, हे मी वीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

याला जोडूनच एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून लॅबवाल्यांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना फोटो पाठवीत असे. त्यात गोरी बाई असे. तिला लॅबवाले 'शर्ली' म्हणत आणि त्या नमुन्याला 'शर्ली कार्ड'. शर्लीच्या कातडीचा रंग बरोबर आला म्हणजे मशीन बरोबर, असा हिशेब. काळ्या माणसाचा चेहरा कसा यायला हवा, याचा नमुनाच नव्हता. कॅनडातील लॉर्ना रॉथ या प्राध्यापिकेने २००९ साली यावर सविस्तर लिहिले. तपकिरी छटा नीट याव्यात म्हणून रोलमध्ये सुधारणा झाली त्यामागे चॉकलेटवाल्यांच्या आणि लाकडी सामानवाल्यांच्या तक्रारी होत्या, असे त्यांना कंपनीतल्या जुन्या माणसांकडून कळले. वेगवेगळ्या रंगांच्या माणसांचे नमुने त्यानंतर, पुष्कळ उशिराने आले. माणसाच्या तक्रारीआधी चॉकलेटची तक्रार ऐकली गेली! आपले आजोबा काळे आले याचा दोष आजोबांच्या रंगाकडे नाही, एवढे तरी मुलीला यातून कळावे.

हल्ली नवे कॅमेरेही मिळतात. कोडॅक एम ३५ हा त्यातला स्वस्त, एका बारीक सेलवर चालणारा. नाव कोडॅकचे, बनवणारी हाँगकाँगची दुसरीच कंपनी. त्याचे भिंग एफ १०, झडप कायम १/१२० सेकंद. उन्हात ठीक. घरात फ्लॅशशिवाय त्याचा उपयोग नाही, आणि एफ १० मुळे फ्लॅशही लांब पोचत नाही. वरचा भागाकार करून पाहा. २०२४ साली पेंटॅक्सने '१७' नावाचा नवा कॅमेरा काढला. ३६च्या रोलवर ७२ फोटो निघतात, त्यामुळे रोलचा खर्च निम्मा. पण निगेटिव्ह अर्धी लहान, सेल सीआर २, आणि अमेरिकेत तेव्हाची किंमत ५०० डॉलर होती. ऑलिंपसचा म्यू टू, १९९७ सालचा, भिंग एफ २.८, फार सुरेख कॅमेरा. परंतु त्याच्या नावाचा गाजावाजा इतका झाला की जुना मालही सोन्याच्या भावाने विकतात. शिवाय झाकण बंद केले की तो फ्लॅशची आपण लावलेली तजवीज विसरतो. दर वेळी पुन्हा बटणे दाबायची. मंडपात कोण आठवणीत ठेवणार?

जुना घ्यायचा तर आधी नातेवाइकांची कपाटे धुंडाळा. मामा, आत्या, मुंबईची चुलती, कुणाकडे तरी पडून असतोच. नाही मिळाला तर पुण्याचा जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे जाताना खिशात नवे पेन्सिल सेल घेऊन जा. सेलच्या खणात हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर भाव पाडा. थोडी असेल तर लिंबाच्या रसाने निघते, पत्रा खाल्लेला असेल तर कॅमेरा सोडा. मागचे झाकण उघडून भिंगातून उजेडाकडे बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले तर ती बुरशी. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज बोटाला डांबरासारखा चिकटला तर उजेड आत शिरून रोल जळेल. मात्र तो स्पंज बदलता येतो. फ्लॅश चालू केल्यावर बारीक शिटीसारखा आवाज येऊन दिवा लागला पाहिजे. आणि एक ताकीद: फ्लॅशचा कॅमेरा घरी खोलू नका. सेल काढल्यावरही आत तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठून राहते. आमच्या एका शेजाऱ्याने स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो भिंतीला जाऊन आदळला.

रोल भरण्याची माझी फजितीही सांगून टाकतो. १९९४ साली माझ्या पुतणीचे लग्न. घरचे लग्न म्हणून फोटोग्राफर सांगितला नाही, मीच काढणार. छत्तीस फोटो काढले. भन्तेजींचा आशीर्वाद, वधू-वरांचे पुष्पहार, माझ्या आईने नातजावयाच्या डोक्यावरून हात फिरवला तो क्षण. रोल गुंडाळायला घेतला तर दोन फेऱ्यांत संपला. रोलची जीभ दातऱ्यात अडकलीच नव्हती. लग्नभर मी नुसती झडप वाजवीत होतो. पुढच्या वर्षी आई गेली. पुतणी अजूनही काही बोलत नाही, पण तिच्या घरी अल्बम नाही. तेव्हा रोल भरल्यावर पुढे सरकवताना गुंडाळायची चावी उलटी फिरते का ते पाहा. फिरली तरच रोल चालतो आहे. मोटारवाल्या कॅमेऱ्यात आकडा पुढे गेला की नाही ते बघा. दर चार फोटोंनी बघा.

ताई, आता तुमच्या फोटोविषयी.

फोटो आणि निगेटिव्हच्या पट्ट्या मिळाल्या. पट्ट्या जपून ठेवल्यात हे फार चांगले केलेत. पुष्कळ घरांत फोटो ठेवतात आणि पट्ट्या पोरांना खेळायला देतात. आजोबांची फ्रेम मी काचेवर ठेवून खालून उजेड देऊन पाहिली. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते, पांढरा कपडा काळा दिसतो आणि काळा चेहरा फिका, जवळजवळ पारदर्शक. चेहऱ्याची जागा फिकी होती, पण कोरी नव्हती. कपाळाची रेघ होती, नाकाची बाजू होती. म्हणजे कॅमेऱ्याने आजोबांना घेतले होते, कॉपी काढणाऱ्या मशीनने त्यांना बुडवले. त्या मशीनचेही कॅमेऱ्यासारखेच. पांढरे जास्त दिसले की सरासरीने सगळा फोटो गडद काढते. त्या काळी लॅबवाल्याला "कपडे जळाले तरी चालतील, चेहरा बघून कॉपी काढा" एवढे सांगितले असते तर काम झाले असते. पण रांगेत उभ्या माणसाला हे सांगायचे असते हे ठाऊक कुठे होते? मलाही उशिरानेच कळले.

माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरकडे निगेटिव्ह स्कॅन करायचे मशीन आहे. त्याच्याकडून फक्त चेहऱ्यावर नजर ठेवून ती फ्रेम काढून घेतली. सदरा आणि मागची भिंत एक झाली, पण आजोबा आले. मिशा पांढऱ्या, डाव्या भुवईवर खूण, आणि ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, आत्याकडे बघताहेत. त्याच पट्टीवर पुढच्या दोन फ्रेममध्ये आजीही आहेत, तुमच्या पाकिटात त्यांच्या कॉप्या नव्हत्या. पुसट म्हणून लॅबवाल्याने काढल्या नसाव्यात. तिन्ही आठ बाय दहाच्या आकारात करून घेतल्या आहेत. मागे पेन्सिलीने नावे आणि १९९६ लिहिले आहे. शाईने लिहू नका, पलीकडे उमटते. निगेटिव्हसह पाकीट स्पीड पोस्टाने तुमच्या पत्त्यावर पाठवले आहे.

मुलीला कॅमेरा घेऊ द्या. याशिका एमएफ-२ किंवा त्या जातीचा, पेन्सिल सेलचा, कायमच्या फोकसचा आणि एएसएचा खटका बाहेर असलेला शोधायला सांगा. बाजारात खटका आणि फ्लॅश दोन्ही स्वतः चालवून बघायचे. रोल ४०० चा, खटका २०० वर. पहिला रोल आजीचाच काढावा. दुपारी नको, सकाळी नवाच्या सुमारास, पडवीच्या सावलीत बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बसवावे. पांढरी साडी असली तर मागे पांढरी भिंत नको, दाराचे लाकूड किंवा घोंगडी चालेल. अंतर सहा फूट. आजीला "हसा" म्हणू नये, गोष्ट विचारावी. पहिल्या दोन फोटोंत त्या ताठ बसतील, तिसरा-चौथा नीट येईल. आणि रोल लॅबकडे पाठवताना पाकिटात चिठ्ठी टाका: चेहरा बघून कॉपी काढा.